उपचार की पाठवणी?

मुलीसाठी स्थळ पाहायचे असले म्हणजे आपल्या कुटुंबांत केवढी चौकशी होते! मुलाचे शिक्षण, नोकरी, घरदार, आईवडिलांचा स्वभाव, धर्मग्रामातील त्यांची पत, एवढेच काय, आजोबांच्या काळातील बांधावरचा एखादा तंटाही आठवणीने उकरून काढला जातो. त्याच घरात मुलाच्या अथवा वडिलांच्या दारूपायी संसार मोडकळीस आला म्हणजे मात्र ही चौकस वृत्ती कोठे लोपते कोण जाणे. कोणीतरी कानात एखाद्या केंद्राचे नाव सांगतो, एक दूरध्वनी क्रमांक हाती देतो आणि आठ दिवसांच्या आत दाराशी गाडी उभी राहते, तीही बहुधा शेजारीपाजारी झोपी गेल्यावर. माणूस जातो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. तो कोठे गेला, तेथे त्याच्यावर कोण, कोणते उपचार करणार, हे विचारण्याचे भान कोणालाच उरलेले नसते.

दुसऱ्याच्या वतीने त्याच्या उपचाराचे ठिकाण निवडताना आपण कोणते माप वापरावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. आमच्या मते तो मूलतः नीतीचा प्रश्न आहे. तो माणूस बरा व्हावा असे आपल्याला वाटते की तो केवळ दृष्टीआड व्हावा असे वाटते, हे आपण निवडलेल्या मापावरूनच ठरते.

प्रश्न किती घरांचा आहे, हे आधी पाहू. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दारूमुळे ज्यांना उपचारांची अथवा मदतीची गरज आहे अशांची संख्या त्यात सुमारे ५ कोटी ७० लाख इतकी आढळली. याहून मन विषण्ण करणारा आकडा पुढेच आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली होती आणि रुग्णालयात अथवा केंद्रात राहून उपचार घेण्याची संधी १८० जणांत एकाला लाभली होती. ज्या घराला ही संधी मिळते त्याने ती अंधारात उडी मारून दवडावी, हे योग्य नव्हे.

सामान्यतः आपण चार गोष्टींची तुलना करतो : शुल्क किती, अंतर किती, गुप्तता किती आणि शिस्त किती कडक. या चारही गोष्टींत दोष नाही. शुल्क परवडले पाहिजे. घराची अब्रू जपावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही चारही मापे पाठवणाऱ्याच्या सोयीची आहेत. जो जाणार आहे त्याचे काय होणार, हे यांपैकी एकही माप सांगत नाही. ‘तेथे चांगले सरळ करतात’ ही शिफारस आपण कितीदा ऐकली आहे! सरळ करणे म्हणजे नेमके काय करणे, हे मात्र आपण विचारत नाही. कारण उत्तर ऐकावे लागेल, अशी मनात भीती असते.

जाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर पहिले माप त्याच्या जिवाच्या सुरक्षिततेचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली म्हणजे काही तासांतच त्याचे हातपाय थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात आणि दोन-तीन दिवसांनंतर काहींना भ्रम होऊन ते बेभान होतात. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. योग्य औषधे, ब-१ जीवनसत्त्व आणि डॉक्टरांची देखरेख असली तर ती बहुतांशी टाळता येते. अशा माणसाला खोलीत कोंडून ‘दोन दिवस ओरडेल, मग गप्प बसेल’ असे म्हणणे ही शिस्त नव्हे. तो त्याच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून केंद्रात डॉक्टर कोण, ते रोज येतात काय, रात्री कोणी परिचारिका असते काय, आणि प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, हे पहिले प्रश्न होत. भिंतींचा रंग आणि बागेतील फुले नंतर पाहावीत.

दुसरे माप त्याच्या माणूसपणाचे आहे. याबाबत आपल्या देशाच्या कायद्याने स्पष्ट मत दिले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. दारू व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा त्याच्या व्याख्येत समावेश असल्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेने राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली पाहिजे. साखळीने बांधणे या कायद्याने सर्वस्वी निषिद्ध ठरवले आहे. रुग्णाचे सक्तीने मुंडण करता येत नाही, त्याची इच्छा असल्यास त्याला स्वतःचे कपडे वापरू दिले पाहिजेत, त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही आणि काम केले तर त्याचा मोबदला दिला पाहिजे. नोंदणीचा कागद पाहावयास मागणे हा उद्धटपणा नव्हे. जे केंद्र तो दाखवण्यास कचरते, जे केंद्र पहिला महिनाभर भेटू देत नाही आणि दूरध्वनीवर बोलूही देत नाही, त्याच्या दारातून परत फिरावे.

तिसरे माप सत्याचे आहे. ‘शंभर टक्के दारू सुटेल’ अशी हमी देणारे पुष्कळ भेटतात. व्यसनाधीनता हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. मधुमेहाप्रमाणे तो आवाक्यात ठेवावा लागतो. तेव्हा हमी देणारा एकतर आजार जाणत नाही अथवा आपल्याशी खरे बोलत नाही. यशाचे प्रमाण सांगणाऱ्याला विचारावे : किती जणांचे? किती काळानंतर मोजले? जे पुन्हा आलेच नाहीत त्यांना कोणत्या रकान्यात धरले? वर्तमानपत्रांतून ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण वाचत आलो आहोत. दारूची किळस वा त्रास निर्माण करणारी काही औषधे खरोखरच आहेत; डॉक्टर ती वापरतातही, परंतु रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याची प्रकृती तपासून. तीच जेवणात गुपचूप मिसळली आणि वर दारू पोटात गेली तर रक्तदाब व हृदय यांवर गंभीर परिणाम होऊ शकतो. आणि धोका टळला तरी एक गोष्ट उरतेच : ज्याला खोटेपणातून बाहेर काढायचे त्याच्याच ताटात आपण खोटेपणा वाढलेला असतो.

येथे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. तो स्वतःहून जायला तयारच नसेल तर? योहानकृत शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाची कथा आहे. त्याला बरे करण्यापूर्वी प्रभू येशू त्याला बरे व्हायची इच्छा आहे काय, असे विचारतो. अडतीस वर्षे पडून असलेल्याला हा प्रश्न! पण त्या प्रश्नाने त्याला प्रथमच आजाऱ्याच्या जागेवरून उठवून माणसाच्या जागी बसवले, असे आम्हाला वाटते. व्यसनी माणसाची इच्छा दुबळी झालेली असते, हे खरे; सवयीने मनुष्याची जबाबदारी उणावते, हे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणातही मान्य केले आहे. परंतु दुबळी इच्छा म्हणजे इच्छेचा अभाव नव्हे. दारूच्या अमलाखाली नसलेल्या एखाद्या सकाळी, त्याला मान असलेल्या वडीलधाऱ्याने दोन-तीन केंद्रांची नावे त्याच्यापुढे ठेवली आणि ‘यांपैकी तू कोठे जाशील?’ असे विचारले, तर पुष्कळदा तो निवड करतो. ‘जाशील काय?’ यापेक्षा हा प्रश्न अधिक आदराचा आहे. आपण केलेली तुलना तेव्हा त्याच्याही उपयोगी पडते.

यावर रास्त आक्षेप आहे, आणि तो मार खाणाऱ्या पत्नीचा आहे. ती म्हणेल, ‘तुमची नीती तुमच्यापाशी ठेवा, माझी मुले रात्री भीतीने झोपत नाहीत. तो महिनाभर कोठेही असो, घरात नको.’ तिला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. तिची आणि मुलांची सुरक्षितता हा स्वतंत्र हक्क आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा तिच्यासाठीच आहे. माहेर, धर्मग्राम, पोलीस यांनी तिच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे. स्वतःच्या वा इतरांच्या जिवाला धोका निर्माण झाला असता, अथवा माणूस स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असता, त्याच्या संमतीवाचून दाखल करण्याची तरतूदही २०१७ च्या कायद्यात आहे. मात्र त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, तज्ज्ञांनी केलेली स्वतंत्र तपासणी, ३० दिवसांची मर्यादा आणि पुनरावलोकन मंडळाला कळवणे अशी बंधने आहेत. सक्ती कधीच नको, असे आम्ही म्हणत नाही. सक्तीला कारण हवे, मुदत हवी आणि साक्षीदार हवेत. रात्री येऊन चार दांडगट माणसांनी उचलून नेण्यात यांपैकी काहीच नसते. पत्नीला हवी असलेली सुरक्षितता आणि पतीला हवा असलेला उपचार या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकीच्या नावाखाली दुसरी उरकली तर दोघांचीही फसवणूक होते.

आता आपल्या राज्यात काय उपलब्ध आहे, ते पाहू. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शासकीय व पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील मानसोपचार विभागांत अल्प खर्चात उपचार मिळतात. पुण्याचे ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. व्यसनमुक्त झालेले रुग्णच तेथे पुढे कार्यकर्ते होतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो आणि स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. घरातील स्त्रीही व्यसनात सापडू शकते, हे मान्य करायला आपल्याला अजूनही जड जाते. म्हणून या विभागाचा मुद्दाम उल्लेख करतो. ‘कृपा फाउंडेशन’ फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन केले. वसईच्या कुटुंबांना तर ते अपरिचित नाही. स्वतः व्यसनातून बाहेर आल्याचे फादर उघडपणे सांगत आले. बारा पायऱ्यांचा मार्ग आणि अय्यंगार गुरुजींचा योग यांची सांगड त्यांनी तेथे घातली. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या बंधुसंघाच्या सभा अनेक शहरांत भरतात. त्यांना शुल्क नाही, नोंदवही नाही, नावही विचारले जात नाही. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ आहे. कोठून सुरुवात करावी हे न कळणाऱ्याने शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर अथवा १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विचारावे.

यांपैकी सर्वांत चांगले केंद्र कोणते, असे आम्हाला कोणी विचारील. तसे एकच उत्तर नाही. ज्याला झटके येतात त्याला रुग्णालय हवे. ज्याची नोकरी टिकून आहे आणि त्रास सौम्य आहे त्याला बाह्यरुग्ण उपचार व सभा पुरतील. ज्याला दारूबरोबर नैराश्यही आहे त्याला मानसोपचारतज्ज्ञ अटळ आहे. ज्याचे घरच रिकामे झाले आहे त्याला दीर्घकाळ सोबत देणारी जागा हवी. तुलना केंद्राकेंद्रांत जेवढी करायची तेवढीच ती केंद्र आणि माणूस यांच्यातही करावी लागते. महागडे ते उत्तम, ही समजूत तर मनातून काढूनच टाकावी.

आणि शेवटचे माप परतीचे आहे. महिन्याभराने माणूस घरी येतो. वाटेवर तोच गुत्ता असतो, तेच मित्र, तोच लग्नाचा मांडव, आणि त्या मांडवात आग्रह करणारे आपणच. अफूजन्य द्रव्ये घेणाऱ्याच्या बाबतीत तर हा काळ अधिकच धोक्याचा. शरीराची सहनशक्ती घटलेली असताना पूर्वीइतकी मात्रा घेतली तर ती प्राणावर बेतते. म्हणून केंद्राला विचारावे : घरी सोडल्यावर तुम्ही वर्षभर काय करता? आणि हाच प्रश्न घरानेही स्वतःला विचारावा. जे केंद्र पत्नीला, आईला, भावाला सभेसाठी बोलावते ते त्रासदायक वाटले तरी तेच निवडावे.

एकेका कुटुंबाने संकटाच्या रात्री ही सारी चौकशी करावी, अशी अपेक्षा धरणे कठोर होईल. ती शांत वेळी, सर्वांनी मिळून करायची गोष्ट आहे. प्रत्येक धर्मग्रामात दोन-चार जबाबदार माणसांनी, त्यांत एक तरी स्त्री असावी, जवळच्या पाच-सात केंद्रांना वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी, नोंदणी पाहावी, डॉक्टरांशी आणि तेथून बाहेर पडलेल्यांशी बोलावे, आणि त्याची वही धर्मगुरूंच्या कचेरीत ठेवावी. स्थळाची चौकशी करण्यात आपण एवढे वाकबगार आहोत. तेच कसब येथे लावायचे आहे. मग ज्या घरावर वेळ येईल ते कानातल्या कुजबुजीवर विसंबणार नाही, आणि आपला माणूस भरदिवसा, स्वतःच्या कपड्यांत, स्वतःची पिशवी घेऊन, कोणातरी आप्ताच्या सोबतीने उपचारांसाठी घराबाहेर पडेल.