श्वास मोजताना

बसा.

वॉर्डाच्या मधोमध टेबल आहे. त्याच्या कडेला एक स्टूल. रात्रीचे दोन वाजून गेलेत. मघापर्यंत शनिवार होता, आता रविवार लागलाय.

काही करायचं नाही. नुसतं बसायचं.

मोठे दिवे मालवलेत. टेबलावरचा एक तेवढा चालू आहे, तोही रजिस्टरच्या पानावर वाकवलेला. पंखे फिरतायत. त्यातला एक दर फेऱ्याला टक् करतो.

तो ऐका.

डोळे अंधाराला सरावू द्या. आधी खाटांचे पांढरे दांडे दिसतात. मग पांघरुणं. मग खाली चटईवर मुटकुळं करून झोपलेले नातेवाईक. त्यांच्या उशाशी चपला, पिशवीतून डोकावणारा थर्मास.

अजून थोडं बसा.

सिस्टर उठतात. त्यांची नाइट आठला लागली, सकाळी आठला सुटेल. हातात टॉर्च आहे, पण तिचा उजेड कुणाच्या तोंडावर पडत नाही. काचेवर दोन बोटं आडवी धरलेली आहेत. बोटांच्या कडा लालसर दिसतात आणि उजेड फरशीवर सांडतो.

पावलांचा आवाज येतोय का, बघा.

नाही येत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सळसळणारे झगे आणि करकरणारे बूट यांच्यावर बाई चांगल्याच चिडलेल्या आहेत. चित्रांत त्यांच्या हाती समईसारखा काहीतरी दिवा देतात. क्रिमियाच्या युद्धात त्या ज्या दवाखान्यात होत्या, तिथे खरा होता तो घडीचा तुर्की कंदील. चित्रकारांना तो फारच साधा वाटला असावा.

असो. आपण या टॉर्चकडे पाहू. या दोन बोटांकडे.

एक श्वास घ्या. सोडा.

आता पाचव्या खाटेपाशी या. खाटेला टेकू नका, हळूच उभे राहा. वर सलाइनची बाटली उलटी टांगली आहे. तिच्याखाली बोटाएवढं पारदर्शक चेंबर. नजर तिथे ठेवा.

पाणी जमतंय.

फुगतंय.

लोंबतंय.

सुटलं.

मोठ्या माणसांच्या नेहमीच्या सेटमधून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत दहा हजार थेंब. ती आठ तासांत संपवायची तर मिनिटाला एकवीस थेंब पडायला हवेत, साधारण तीन सेकंदांना एक. सिस्टर मनगटावरचं घड्याळ चेंबरजवळ नेतात. ओठ न हलवता मोजतात. अंगठ्याने छोटं चाक किंचित फिरवतात. पुन्हा मोजतात.

तुम्ही मोजू नका. तुम्ही फक्त बघा.

पुढचा थेंब.

त्याच्या पुढचा.

दोन थेंबांच्या मधली जागा दिसते का? तिथे काहीच घडत नाही. तरी तिथेच थांबा. सिस्टरची अर्धी रात्र अशा जागांमध्ये जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ती रिकामी वाटते. ‘रात्री काय, पेशंट झोपलेलेच असतात’ असं म्हणणारे लोक बहुधा दिवसाच दवाखान्यात जाऊन आलेले असतात.

थेंब.

थेंब.

आता सिस्टर सातव्या खाटेपाशी गेल्यात. एक आजोबा जागे आहेत. सिस्टर त्यांचं मनगट हातात घेतात. तीन बोटं अंगठ्याच्या बाजूच्या शिरेवर. नाडी मोजून होते. पण बोटं उचलत नाहीत. हात तसाच धरलेला असतो, आणि डोळे मात्र आजोबांच्या छातीवर गेलेले असतात.

छाती वर. छाती खाली. एक.

वर. खाली. दोन.

त्या श्वास मोजतायत, आणि आजोबांना ते कळू देत नाहीत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच हे शिकवतात. ‘तुमचे श्वास मोजते’ म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. नाडीवर आपली सत्ता चालत नाही, श्वासावर थोडीफार चालते. म्हणून हात नाडीवर ठेवायचा आणि लक्ष छातीवर.

पूर्ण मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह होतो. त्या करत नाहीत.

आता तुम्हीही करून बघा.

उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवा. हलकेच. नाडी सापडेपर्यंत थांबा. सापडली की तिथेच राहू द्या.

आणि अगदी सहज, स्वतःला कळू न देता, श्वासाकडे बघा.

तो लगेच सावध होतो. लांब होतो, नीटनेटका होतो. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसा.

होऊ द्या. परत नाडीकडे या. ठोका. ठोका. श्वासाला विसरू द्या की कुणी बघतंय.

परत हळूच डोकवा.

वर.

खाली.

जमलं नाही तरी हरकत नाही. बोटं तिथेच असू द्या. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात. तुमचे किती झाले, ते कुणाला सांगायचं नाही.

पहाटेचे चार. सिस्टर खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर अंगात घालतात. मे महिना असला तरी घालतात. याच सुमाराला शरीराचं तापमान चोवीस तासांतलं सर्वांत खाली येतं. आतलं घड्याळ सूर्याकडे बघून लावलेलं असतं. ते पेशींमध्ये कसं चालतं याचा छडा लावणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. ड्युटीचा तक्ता लावणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

तुमच्या अंगाला थंडी कुठे जाणवते, बघा. बोटांच्या टोकांना? मानेवर?

तिथे थोडं थांबा.

बारा नंबर.

मावशी झोपल्यात. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं. कण्हणं नाही, हाक नाही. कपाळाला हात लावून बघितलं तर ताप आहे, पण संध्याकाळीही होता. कुणीही पुढे गेलं असतं.

सिस्टर थांबल्यात.

तुम्हीही थांबा. पांघरुणाच्या कडेकडे बघा. ती हलतेय. भराभर हलतेय.

वर खाली. वर खाली. वर खाली.

पूर्ण मिनिट. सव्वीस.

पुन्हा पूर्ण मिनिट. सव्वीसच.

शरीर आतून बिघडू लागलं की पुष्कळदा पहिली वर्दी श्वास देतो. बीपी नंतर उतरतं, माणूस नंतर घाबरा होतो. सिस्टर बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, आकडा बघतात, उशी वर करतात, आणि टेबलावरचा फोन उचलून रात्रपाळीच्या डॉक्टरांना बोलावतात. आवाज तोच, हळू. फक्त शब्द कमी झालेत.

आपल्याला लगेच ‘सेवा’ म्हणावंसं वाटतं, हार घालावासा वाटतो. जरा दम धरा. आधी त्यांनी काय पाहिलं ते पाहू. कापडाची एक कड. तिचं हलणं.

डॉक्टर येतात. ऑक्सिजन लागतो. पाण्याचा बुडबुड आवाज सुरू होतो.

तो ऐकत बसा.

बुडबुड.

बुडबुड.

खिडकी काळ्याची करडी होते. चटया गुंडाळल्या जातात. कुणीतरी बाहेरून चहा आणतं. आठला दिवसपाळीच्या सिस्टर येतात आणि खाटेखाट ओव्हर दिली जाते. पाच नंबर, दुसरी बाटली चालू. सात नंबर, ठीक. बारा नंबरपाशी दोघी थोडा जास्त वेळ उभ्या राहतात.

रविवार सकाळ. घर.

पडदा ओढलेला आहे, तरी फटीतून ऊन येतंय. सिस्टर आडव्या झाल्यात. डोळे मिटा त्यांच्याबरोबर.

काय काय ऐकू येतं?

कुकरची शिट्टी. खालच्या मजल्यावर ड्रिल मशीन. सोसायटीतली सगळी दुरुस्ती रविवारीच निघते. मुलाचा क्रिकेटचा कालवा, आणि त्याला दारातून दटावणारी आजी, ‘हळू रे, आईची नाइट झालीय.’

आवाजांना हाकलू नका. येऊ द्या. जाऊ द्या.

आजींच्या चपला स्वयंपाकघराशी थांबतात. मग त्या अनवाणी चालू लागतात.

श्वास आत.

श्वास बाहेर.

झोप येतेय, बहुतेक.

फोन सायलेंटवर टाकायचा राहून गेलाय. वाजतो. पलीकडून वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर विचारतात, ‘अगं, दुपारी येशील का? एकजण रजेवर आहे.’

त्या डोळे न उघडताच म्हणतात, ‘ते सांगते. आधी सांगा, बारा नंबरचे श्वास किती आहेत आता?’