प्लगचा रंग

भर समुद्रात मशीन बंद पडलं की पहिला हात प्लगकडे जातो. तो बरोबरच जातो. पण काढलेला प्लग पुसण्याआधी उजेडात धरावा. सिलिंडरच्या आतून बाहेर येऊन बोलणारा तो एकटाच.

टोक फिकट तपकिरी, तर आत सगळं ठीक. कोरडी काजळी, तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त. तेलकट काळेपणा, तर टू-स्ट्रोकच्या मिश्रणात तेल जास्त झालं, नाहीतर मशीन तासन्‌तास मंद चाललं. पांढरं पडून फोड आलेलं टोक सगळ्यांत वाईट: हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, किंवा थंड करणारं पाणी वर चढत नाही. त्यावर ॲल्युमिनियमचे कण चकाकले, तर पिस्टन वितळायला लागलाय. तेव्हा नुसता नवा प्लग लावून पुढे जाणं म्हणजे साक्षीदार बदलणं.

तापणं हा प्लगचा दोष नव्हे. सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिला, तर अंगावरची काजळी जळत नाही. फारच तापला, तर ठिणगीआधीच इंधन पेटतं. म्हणून प्लग निवडायचा तो उष्णता किती वेगाने सोडतो हे पाहून. एनजीके कंपनीच्या ‘बी८एचएस-१०’ मधला ८ हेच सांगतो. एनजीकेत आकडा चढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा; चॅम्पियन कंपनीत चढला की गरम. अंदाजाने घेणारा इथे हमखास फसतो. मशीनच्या पुस्तकात छापलेला नंबरच घ्यावा.

जाळ्यापाशी रात्रभर मंद चालणाऱ्याला गरम प्लगचा मोह होतो. काजळी कमी धरते, खरं आहे. पण पहाटे ओहोटीच्या ओढीविरुद्ध, भरल्या होडीनिशी खाडीत शिरताना पूर्ण थ्रॉटल द्यावा लागतो आणि तोच प्लग पिस्टनला भोक पाडू शकतो. त्यापेक्षा अधूनमधून थोडा वेळ मशीन वेगात पळवावं.

वाळूच्या फवाऱ्याने प्लग साफ करू नये. अडकलेला कण पुढे सिलिंडर ओरबाडतो. चिनीमातीला चीर दिसली की प्लग टाकून द्यावा. त्याच्या किमतीचा विचार करायचा नाही, होडीत माणसं असतात. नवा बसवताना आटे आधी बोटांनीच घ्यावेत, पाना शेवटच्या अर्ध्या फेऱ्यापुरता. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जोर सोसत नाही.

पावसाळ्यात होडी वर ओढली की प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, मशीनची दोरी हळू ओढून ते पसरू द्यावं. नारळी पौर्णिमेनंतर नवा प्लग लावावा. जुना चांगला असेल तर पान्यासकट कोरड्या डब्यात, होडीतच ठेवावा.