वल्हांडणाच्या पंगतीला बसताना

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० साली त्याची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळली. आरोप एकच : लपूनछपून यहुदी धर्म पाळला.

त्याच पोर्तुगीज अमलात साष्टीतल्या आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला. अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांतले आम्ही ईस्ट इंडियन त्या श्रद्धेचे वारस आहोत, तसे त्या राखेचेही आहोत. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’ना, म्हणजे बेने इस्रायली यहुद्यांना, कोकणातल्या शेजाऱ्यांनी शतकानुशतकं सुखानं नांदू दिलं. ओर्ताच्या बहिणीला जाळलं ते आमच्या धर्मबांधवांनी.

मुलुंडचा माझा बेने इस्रायली मित्र वल्हांडणाच्या यहुदी सणाला घरी बोलावतो, तेव्हा हे सगळं माझ्यासोबत येतं. त्याची आई काळे मनुके भिजवून, हातानं कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळून सरबत करते. द्राक्षारसाच्या जागी तेच. बेखमीर भाकरी, कडू पाला, खजुराचा पाक. “तुझ्या लेकीलाही प्रश्न विचारू दे हो, ती काय परकी आहे?” असं मावशी म्हणतात आणि लहानांनी विचारायचे ते प्रश्न माझी मुलगी विचारते. मिसरातल्या गुलामगिरीची गोष्ट तिला मराठीत ऐकायला मिळते. ही गोष्ट ज्यातून वाचतात तो हगादा मराठीत मुंबईतच छापला गेला, १८४६ साली.

‘आमचा येशूही हाच सण पाळायचा’ असं आम्ही ख्रिस्ती अशा वेळी चटकन म्हणतो. खरंच आहे ते. पण तेवढ्यावर थांबलो, तर यजमानाचा सण आमच्या धर्माची नुसती प्रस्तावना होऊन बसतो. त्यांच्यासाठी तो पूर्ण आहे, आमच्यावाचून पूर्ण आहे. हे मान्य करून जेवायला बसणं म्हणजेच पाहुणा होणं. येशूचं यहुदीपण मला पुस्तकापेक्षा तिथंच जास्त उमगलं.

गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना अविश्वासू म्हणणारा शब्द १९५९ पर्यंत होता. येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्यांवर ठेवता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली स्पष्ट सांगितलं. किती घरांत हे मुलांच्या कानावर जातं? दुःखसहनाची कथा वाचताना ‘यहुद्यांनी मारलं’ असं आजही सहज बोललं जातं, आणि कुणी टोकत नाही. रविवारच्या धर्मशिक्षणात मुलांना ओर्ताच्या हाडांबद्दल सांगा, १९६५चा तो जाहीरनामा त्यांच्याकडून मराठीत मोठ्यानं वाचून घ्या. गुड फ्रायडेच्या आधी.