मंथरेशिवाय पंचवटी

ललिता पवार म्हटलं की आधी तो डोळा आठवतो, मग खाष्ट सासू. १९४२ साली चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका संपली आणि त्या डोळ्यानं खलनायिका घडवली, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. अपघात खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

कारण १९५५ सालच्या ‘श्री ४२०’मध्ये केळी विकणाऱ्या प्रेमळ गंगामाईचा डोळाही तोच होता, आणि त्याच वर्षीच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधल्या करारी सीतादेवीचाही तोच. ‘अनाडी’तली मिसेस डिसा पाहा. भाडेकरू पोरावर ती डाफरते, पण तो जेवला की नाही याचा घोर तिलाच. आवाजात दटावणी आणि नजरेत माया, दोन्ही एकाच वेळी. आवाज चढला की तो बारीक डोळा संशयी वाटतो, उतरला की थकलेला, पाणावलेला. हे अपघातानं येत नाही. मूकपटांपासून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईची ती कमाई होती. मिसेस डिसाच्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो याच कमाईला.

ललिताबाई आपल्या येवल्याच्या. जन्म १९१६चा, मूळ नाव अंबा सगुण. सिनेमाचा विषय निघाला की नाशिककर त्र्यंबकच्या फाळक्यांचं नाव अभिमानानं घेतात, घ्यायलाच हवं. येवला म्हटलं की मात्र पैठणीपाशीच थांबतात.

सत्तरी ओलांडल्यावर रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत त्या मंथरा झाल्या. पंचवटीतल्या सीतागुंफेसमोर रांगेत उभं राहणाऱ्या आपल्याला हे कधी सुचत नाही, की कैकेयीचे कान कुणी भरलेच नसते तर राम अयोध्या सोडून गोदाकाठी आलाच नसता. चरित्र अभिनेत्याचं कामही असंच असतं. कथा तो हलवतो, हार नायकाच्या गळ्यात पडतो. ललिताबाईंची मंथरा नुसती दुष्ट नाही. आपल्या हातांनी वाढवलेल्या मुलीचा हक्क जातोय, या धास्तीनं ती पेटलेली आहे, म्हणून तिचं म्हणणं क्षणभर पटतं. ते पटलं नाही तर कैकेयीही पटणार नाही.

नाशकात कुणी त्यांचे चित्रपट दाखवणार असेल, तर सुरुवात ‘अनाडी’नं करावी. आणि प्रास्ताविकात थपडेची गोष्ट सांगू नये.