निद्रानाश हा दोष आहे काय?

ज्याचे मन निर्मळ त्याला पाठ टेकताच झोप लागते, असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकले आहे. वाक्य कानाला गोड आहे. परंतु ज्याला झोप लागत नाही त्याच्या मनात काही काळेबेरे असलेच पाहिजे, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघतो. तो न्याय्य आहे काय?

त्याला आधार नाही असे नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागर नावाचे उपपर्व आहे. पांडवांकडून परतलेला संजय उद्या सभेत काय सांगणार, या चिंतेने धृतराष्ट्राला झोप येईना. म्हणून त्याने रात्री विदुराला बोलावून घेतले. विदुराने औषध सांगितले नाही. झोप कोणाकोणाला येत नाही हे सांगून, परधनाचा लोभ तर तुला जाळीत नाही ना, असे त्याने राजालाच विचारले. त्या जागरणाचे मूळ पुतण्यांच्या हिरावलेल्या राज्यात होते. तेथे तेल चोळून काय होणार? ज्याचे त्याला परत करणे, एवढाच उपाय होता.

परंतु विदुराची ती यादी नीट पाहावी. तीत चोर आहे, कामी पुरुष आहे. तसाच बलवानाने घेरलेला दुर्बळ आहे आणि सर्वस्व गमावलेला मनुष्यही आहे. या शेवटच्या दोघांनी कोणता अपराध केला? आपण यादीतला चोर तेवढा ध्यानात ठेवला आणि पीडितांना विसरलो. आजारी मुलाच्या उशाशी बसणारी आई, हप्ता थकलेला गृहस्थ, रात्रपाळीहून पहाटे परतणारा कामगार, यांना मन शुद्ध करा म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. चरकाने शरीराचे जे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या जोडीला निद्रा आहे. भुकेल्याला आपण त्याचे पाप विचारीत नाही.

दोष नसला तरी आपल्या हाती काहीच नाही असे मात्र नव्हे. झोप बळाने आणता येत नाही. जितके तिच्यामागे लागावे तितकी ती दूर पळते. तिच्यासाठी जागा करून ठेवणे एवढेच शक्य असते. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी वर्तन व विचार सुधारण्याची चिकित्सा करावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या एका मान्यवर संस्थेने 2016 साली केली. तिचे सार साधे आहे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नये. अंथरूण झोपेपुरतेच ठेवावे. विसाएक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद प्रकाशात शांत बसावे, आणि पेंग आली की परतावे. घड्याळाकडे पाहू नये. उद्याच्या काळज्या संध्याकाळीच कागदावर उतरवाव्यात. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, कारण तिचा निम्मा अंश पाच-एक तासांनंतरही अंगात असतो. घोरताना श्वास अडकत असेल तर मात्र डॉक्टरांकडेच जावे.

यात आपल्याला परके असे काय आहे? शेजारतीत आपण हेच करतो. नैवेद्य, विडा, शय्या, मंद केलेला दिवा, मग मिटलेले दार. क्रम रोज तोच. पंढरपुरास आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात आणि देव अहोरात्र दर्शनासाठी उभा असतो. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण घालविला जातो आणि पलंग पुन्हा येतो. देवालाही शीण येतो असे मानणाऱ्या भक्तांनी शेजाऱ्याचा शीण मानू नये, हे कसे?

पुजाऱ्याच्या मुलाने हे लिहावे याचे काहींना आश्चर्य वाटेल, रागही येईल. परंतु 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे, आणि कार्तिकातला आपला काकडा सहाच्या पुष्कळ आधी सुरू होतो. देवाला जागविण्यास टाळ, मृदंग आणि आपले गळे पुरेसे आहेत. मंदिराच्या मागील आळीत रात्रपाळी करणारे आहेत, रुग्ण आहेत, तान्ह्या मुलांच्या आया आहेत. येत्या कार्तिकात काकड्याच्या वेळी कर्णा बंद ठेवावा, हा विषय सभासदांच्या पुढील सभेत घ्यावा अशी माझी विनंती आहे.