साकव कोणाचा?

जंगलवाटेवरचा लाकडी साकव मधोमध मोडतो, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा त्याचा शेवट काठावर सुरू झालेला असतो. ओंडक्याचं टोक मातीत टेकलेलं, तिथे पालापाचोळा साठतो, ओल धरतो. उन्हात लाकूड सुकतं, पुन्हा भिजतं. कायम पाण्याखाली राहिलेलं लाकूड चिवट निघतं, विहिरीच्या तळाशी जांभळाच्या फळ्या घालत ते उगाच नव्हे. पण आलटून पालटून ओलं-कोरडं होणाऱ्या लाकडाला बुरशी पोखरते. वरून फळ्या ठणठणीत दिसतात आणि टोक आतून भुसा झालेलं असतं. म्हणून जाणता माणूस आधी खाली ओढ्यात उतरतो, ओंडक्याला कोयत्याचं टोक खुपसून बघतो, मग ठोकून आवाज ऐकतो. लोखंडी साकवाचंही फार वेगळं नाही. गंज धरतो तो जोडापाशी, बोल्टाच्या भोवती, जिथे पाचोळा अडकून राहतो तिथे.

वेळीच लक्ष दिलं तर करायचं असतं ते अगदी साधं. टोकाखाली सपाट दगड सारून हवा खेळती ठेवायची, फळ्यांमध्ये बोटभर फट राखायची, पुराने आणून अडकवलेलं खोड मोकळं करायचं, पाचोळा झाडायचा. हे वैशाखात केलं तर साकव पावसाळा काढतो. याला निविदा लागत नाही. तरी ते होत नाही, आणि का होत नाही हा प्रश्न मला लाकडाच्या प्रश्नापेक्षा जास्त अवघड वाटतो.

कोकणात व्हाळावर पोफळीचे नाहीतर माडाचे सोट टाकून साकव करत, तेव्हा तो मोडला तर दुसऱ्या दिवशी स्वतःचीच अडचण होई. पलीकडे शेत होतं, शाळा होती, माहेर होतं. चालणारा आणि दुरुस्त करणारा एकच. मग डांबरी रस्ता आला, गावाची वाट बदलली, आणि चांगलंच झालं. डोक्यावर ओझं घेऊन ओढा ओलांडण्यात कसलंही काव्य नाही. जुन्या वाटेवर आता शनिवार-रविवारी शहरातले ट्रेकर चालतात. ज्यांना साकव ठाऊक आहे ते त्यावरून जात नाहीत. जे जातात त्यांना तो ठाऊक नाही.

अशा वेळी हमखास श्रमदानाचं नाव निघतं. गावाने आपल्या ओढ्यावर आपल्यासाठी केलं ते श्रमदान. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सुखाने जाता यावं म्हणून त्याच गावाने फुकट राबावं, याला जुन्या भाषेत वेठ म्हणत.

पेरूमध्ये अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवती दोरांचा झुलता पूल आहे, सुमारे 28 मीटर लांबीचा. चार गावं मिळून तो दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. जवळच पक्का पूल आहे, तरी विणतात. 2013 मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण यादीत नाव असल्याने पूल टिकत नाही. महासाथीमुळे 2020 ची विणाई चुकली आणि 2021 च्या मार्चमध्ये पूल कोसळला. गावकऱ्यांनी त्याच जूनमध्ये तो पुन्हा उभारला. मला यातली परंपरा मोहक वाटते, पण उपयोगी वाटतं ते तिचं वेळापत्रक. तिथे पूल मोडण्याची वाट कुणी बघत नाही.

आपल्याकडे मोडण्याची नव्हे, नव्याची वाट बघतात. मावळातल्या कुंडमळ्याचा पूल जंगलातला नव्हे, पण गोष्ट तीच. 15 जून 2025 रोजी, रविवारी, इंद्रायणीवरचा तो जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले, पन्नासेक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक होता. नव्या पुलासाठी पैसेही मंजूर होते. नवा येणार म्हटलं की जुन्यावर खर्च करणं उधळपट्टी ठरतं, आणि तो पाडून टाकायचं धाडसही होत नाही. उरतो फक्त फलक. फलक लावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, जबाबदारी वाचणाऱ्यावर ढकलणं आहे. (वाचणाराही काही कमी नाही. फलकासमोर उभा राहून फोटो काढतो आणि पुढे जातो.)

पैशाची सबब मात्र पटत नाही. सह्याद्रीत कितीतरी वाटांच्या तोंडाशी वनविभाग किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समिती शुल्क घेते, पावती देते. त्यातला ठरावीक वाटा त्याच वाटेच्या देखभालीला राखून ठेवावा. गावातल्या दोघाचौघांना मजुरी देऊन पावसाळ्याआधी आणि नंतर साकव तपासायला लावावं. सापडलेला दोष वहीत लिहावा, आणि दोष मोठा असेल तर दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या घालून वाट खरोखर बंद करावी. आणि राखीव जंगलात दोन ओंडके बदलायला परवानगी लागते, ती मे संपायच्या आत मिळावी.

ट्रेक नेणाऱ्या संस्थांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी पावती घेताना यातले किती रुपये वाटेवर खर्च होतात ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर लेखी विचारा. आणि तोवर साकवावरून एका वेळी एकच माणूस सोडा.