उरलेले दोन कोअर

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शहाद्याहून मावशीचा फोन आला. मी नाशिकला एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम बघते. त्यामुळे नात्यात कुणाला काहीही घ्यायचं असलं, मोबाइल असो की प्रिंटर, फोन मलाच येतो. या वेळी मावसबहिणीसाठी डेस्कटॉप जोडायचा होता. जोडायचा म्हणजे सुटे भाग आणून घरी बसवायचा. त्यात पैसे वाचतात आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. बजेट ३५ हजार, मॉनिटरसकट.

बहिणीला व्हिडिओ एडिटिंग करायचंय. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर किती बघितले जातात, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. हळदीच्या रात्री डीजेवर तीच गाणी वाजतात. गावातल्या दोन-तीन पोरांच्या गाण्यांचं एडिटिंग ती फोनवर करते. एवढ्याशा स्क्रीनवर बोटाने क्लिपा कापते, फोन तापला की पंख्याखाली ठेवते, गार झाला की पुन्हा सुरू.

मावशीनंतर फोनवर काका आले. काका मोजकं बोलतात. म्हणाले, "तिले कसाले महागनं? मार्क कितला पडनात, माहीत शे ना?"

माहीत होतं. बारावीला ५८ टक्के. तिच्या भावाला ८६ होते. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला ७० हजारांचा लॅपटॉप घेतला, तेव्हा हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

त्या रात्री मी प्रोसेसर बघायला बसले. तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी ३५ हजारांत न बसणारे, आठ-आठ कोअरचे प्रोसेसर बघतेय. वरचे पैसे स्वतः घालायचेही मनात ठरवून टाकलं होतं. मी बहिणीसाठी प्रोसेसर शोधत नव्हते, काकांसाठी उत्तर शोधत होते. काकांना वाटत होतं, कमी मार्कांना कमी किमतीचा प्रोसेसर. मला वाटत होतं, महागाचा घेऊन दाखवू म्हणजे ती कमी नाही हे सिद्ध होईल. दोघांनीही एकच गोष्ट धरून ठेवली होती: वस्तूची किंमत म्हणजे माणसाचा दाखला.

काकांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते तसे नाहीत. ते मिरची लावतात. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची घेऊन जातात. तिथे व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर मिरची वर काढतो, रंग बघतो, ओल बघतो आणि भाव सांगतो. वर्षभराची मेहनत आणि त्या मुठीचा अर्धा मिनिट. पुढे ती मिरची शहराजवळच्या पथाऱ्यांवर वाळते. बायका रांगेने बसून देठ खुडतात, डागी मिरची वेगळी काढतात. मधेच अवकाळी पाऊस आला तर काल जी एक नंबर होती ती आज काळी पडते आणि तिचा भाव पडतो. ज्याचं घर प्रतवारीवर चालतं, तो पोरांचीही प्रतवारी करणारच. त्यांच्या मते पैसा हे बियाणं आहे आणि ते जिथे उगवेल तिथेच टाकावं.

गंमत अशी की प्रोसेसरचंही असंच असतं. अगदी मिरचीसारखं.

आपल्याकडे वेफर म्हटलं की बटाट्याचे. चिपच्या कारखान्यातला वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ गोल चकती, आजकाल साधारण ३०० मिलिमीटर व्यासाची. तिच्यावर एका वेळी शेकडो चिपा कोरल्या जातात. एकच नकाशा, एकच यंत्र, एकच दिवस. तरी सगळ्या सारख्या होत नाहीत. कुठे धुळीचा कण पडतो, कुठे थर किंचित जाड बसतो. मग प्रत्येक चिप तपासतात. जिचं सगळं चालतं ती वरच्या किमतीला. जिचा एखादा कोअर दगा देतो, तिचा तो कोअर कायमचा बंद करून तिला खालच्या नावाने विकतात. बजेट प्रोसेसर हा बऱ्याचदा वेगळा बनवलेला नसतोच, तो वेगळा काढलेला असतो.

इथपर्यंत प्रतवारी प्रामाणिक आहे. डागी मिरची डागी म्हणून विकली, चांगलीचा भाव घेतला नाही. फेकून देण्यापेक्षा हे बरंच.

पण पुढे एक गोष्ट घडते. कारखाना सुधारतो, खराब चिपा कमी निघू लागतात. बाजारात मात्र स्वस्त प्रोसेसरची मागणी तेवढीच राहते. मग धडधाकट चिपांचेही कोअर बंद करून त्या खालच्या नावाने विकल्या जातात. म्हणजे चांगल्या मिरचीला मुद्दाम डागीच्या पोत्यात टाकायचं, कारण डागीची ऑर्डर आली आहे.

याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना १९९१ चा. इंटेलने ४८६एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. महागड्या ४८६डीएक्समध्ये आकडेमोडीसाठी असलेला खास भाग यात नव्हता. सुरुवातीच्या एसएक्समध्ये तो भाग होता, फक्त बंद केलेला होता. ज्याला नंतर गणिताची गरज पडे, त्याला ४८७एसएक्स नावाचा जोडप्रोसेसर विकत मिळे. आणि हा जोडप्रोसेसर म्हणजे जवळजवळ अख्खा डीएक्सच. तो बसवला की आधीचा एसएक्स नुसता गप्प बसून राहायचा. २०१० मध्ये याच कंपनीने पेंटियमच्या एका मॉडेलसाठी ५० डॉलरचं कार्ड विकून बघितलं. कार्डावरचा कोड टाकला की प्रोसेसरमध्ये आधीपासून असलेली, पण कुलूप लावलेली ताकद खुली व्हायची. लोक चिडले. ती योजना फार टिकली नाही.

लोक का चिडले? पैसे दिले तेवढी वस्तू तर मिळालीच होती. कंपनीची बाजूही अगदीच लंगडी नाही. सगळ्या चिपा वरच्या भावाने विकल्या तर कमी पैसेवाल्याला काहीच मिळणार नाही. पण आपल्याला खुपतं ते वेगळंच. खालचं नाव वाचून आपण समजतो की वस्तूच कमी आहे. खरं तर ते नाव दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात सांगत असतं: "हिच्यात दोष आहे" आणि "आम्हाला या किमतीची वस्तू हवी होती". डबीवरून यातलं कुठलं खरं, हे कळत नाही.

मराठीत प्रत हा शब्द दुहेरी आहे. प्रत म्हणजे दर्जा आणि प्रत म्हणजे नक्कलही. एकाच पुस्तकाच्या हजार प्रती निघाव्यात आणि त्यातल्या काही कमी प्रतीच्या ठराव्यात, ही चिपच्या कारखान्याची कथा आपल्या भाषेने आधीच एका शब्दात मांडून ठेवली आहे.

प्रोसेसरचे शौकीन याला सिलिकॉन लॉटरी म्हणतात. तुमच्या वाट्याला कुठली चिप येईल हा नशिबाचा भाग. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात माणसांबद्दल असाच शब्द वापरला आहे: निसर्गाची लॉटरी. कुणाला कुठलं डोकं, कुठलं शरीर, कुठलं घर मिळालं, ही कुणाचीच कमाई नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून समाजाचे नियम असे असावेत की लॉटरी लागलेल्याच्या फायद्यात न लागलेल्याचाही वाटा राहील. बहिणीच्या बाबतीत मला रॉल्स अर्धाच पटतो. तो लॉटरीचा निकाल लागलाय असं धरून चालतो आणि मग वाटणीचा विचार करतो. पण ५८ टक्के हा कशाचा निकाल? ती मराठीतून शिकली, घरात अहिराणी बोलते, परीक्षेच्या महिन्यात शेतात मजूर मिळाले नाहीत म्हणून मिरची तोडायला गेली. यातला किती भाग डोक्याचा आणि किती बंद केलेल्या कोअरचा, हे गुणपत्रिकेवर कुठे लिहिलंय?

आता कुणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक कमी मार्कवाल्याच्या आत एक लपलेला टॉपर असतो काय? नसतो. तसं म्हणणं ही नुसती समजूत काढणं आहे. २००९ च्या सुमारास एएमडीच्या फेनॉम टू मालिकेत दोन आणि तीन कोअरचे प्रोसेसर आले. त्यातले कितीतरी मुळात चार कोअरचे होते. काही मदरबोर्डांवर एक सेटिंग बदललं की बंद कोअर जागे करता यायचे. जगभरच्या पोरांनी ते करून बघितलं. काहींना फुकटात चार कोअर मिळाले आणि मशीन वर्षानुवर्षं नीट चाललं. काहींचं मशीन दर तासाला बंद पडायचं. त्यांचा कोअर खरोखरच खराब होता. त्यांनी सेटिंग पूर्ववत केलं आणि पुन्हा कामाला लागले.

मला या गोष्टीतलं आवडतं ते हे: आत काय आहे हे सुरू करून बघितल्याशिवाय कुणालाच कळलं नाही. ना विकणाऱ्याच्या नावावरून, ना घेणाऱ्याच्या आशेवरून. आणि बघण्याची किंमत फार नव्हती. काका शेतात हेच करतात. बी उगवेल की नाही हे कणसाचं वजन करून ठरवता येत नाही, आधी पेरावं लागतं. मार्क बघून मशीन ठरवणं म्हणजे कणीस आधी मागणं.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता. "तुला यावर नेमकं काय काय करायचंय?"

तिच्याकडे यादी तयार होती. फुल एचडी व्हिडिओ कापायचे, रंग सुधारायचे, गाण्याच्या ओळी पडद्यावर आणायच्या, ब्लेंडर शिकायचं. गेम नाही. गावात वीज जाते, म्हणून मशीन कमी वीज खाणारं हवं, लहान यूपीएसवर फाइल सेव्ह करण्यापुरतं तरी टिकलं पाहिजे. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते, तेव्हाही चाललं पाहिजे. ग्राफिक्स कार्डाला आता पैसे नाहीत.

या यादीने अर्धं काम केलं. माझ्या मनातले महागडे प्रोसेसर आपोआप गळाले. स्वस्तात वेगवान म्हणून सगळे सांगतात तो आय३-१२१००एफ सुद्धा गळाला. नावातल्या एफ या अक्षराचा अर्थ, त्यात चित्र दाखवणारा भाग चालू नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहणार. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला तो उत्तम, तिला निरुपयोगी. रायझन ३ ३२००जी मध्ये ग्राफिक्स आहे आणि तो सगळ्यात स्वस्तही, पण २०१९ चे चार कोअर एडिटिंगला धापा टाकतील. राहिला रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आतच ग्राफिक्स, ६५ वॅट. त्याचा एएम४ सॉकेट आता जुना झालाय, म्हणजे पुढे वर चढायला फार पायऱ्या नाहीत. पण तिच्या यादीला तो पुरतो. त्याच्यासोबत ८ जीबीच्या दोन रॅम, एकच १६ ची नाही, कारण आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला रुंद रस्ता मिळतो. शिवाय एसएसडी. सगळं ३५ हजारांत बसलं. माझे पैसे घालावे लागले नाहीत आणि आज वाटतं, ते बरंच झालं. मी घातले असते तर ते मशीन तिचं कमी आणि माझ्या वादाचं जास्त झालं असतं.

शहादा तालुक्यातच टेंभली नावाचं गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या रंजना सोनवणे यांना देण्यात आला. त्या योजनेबद्दल मतं काहीही असोत, त्या १२ अंकांची एक गोष्ट मला विचारात पाडते. त्यावरून माणसाचं गाव, वय, जात, मार्क काहीच कळत नाही. पहिला क्रमांक मिळाला म्हणून कुणी पहिला ठरत नाही. प्रोसेसरचा आकडा याच्या बरोबर उलट असतो, तो जन्मभर पायरी सांगत राहतो. माणसाला ओळखायला पहिल्या प्रकारचा आकडा पुरतो. तरी घराघरात आपण दुसऱ्या प्रकारचा आकडा वापरतो आणि त्यावरून कुणाला काय घ्यायचं ते ठरवतो.

डिसेंबरात मी शहाद्याला गेले. भाग उधन्याच्या आत्याकडे मागवले होते, ते तिच्या मुलाने गाडीने आणून दिले. ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही बसलो. प्रोसेसर बहिणीने स्वतः बसवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला, श्वास रोखून कडी खाली दाबली. मी सांगत होते की या चिपमध्ये मुळात आठ कोअरची जागा असते, आठही चालू असलेल्याला ५७००जी म्हणतात, तुझ्यात सहा चालू आहेत.

तिने विचारलं, "मग ताई, उरलेले दोन खराब होते, का बंद करून टाकले?"

मी म्हटलं, "ते कुणीच सांगू शकत नाही."

काका दारात उभे राहून बघत होते. त्यांनी चिपची रिकामी डबी उचलली, उलटसुलट करून वाचली आणि पुन्हा खाली ठेवली. म्हणाले काहीच नाहीत. थोड्या वेळाने आत गेले आणि कपाटावरचा छोटा टेबलफॅन आणून तिच्या टेबलाशेजारी लावला.